टुंड्रा आणि तैगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशांवर स्लाइड-शो दाखवायला लागून बरीच वर्षं झाली. शाळा असो, ट्रेकर्सचा गट असो की ज्येष्ठ नागरिक संघ, प्रश्न साधारण तेच येतात. सहावीतली मुलं आणि निवृत्त इंजिनिअर यांच्या प्रश्नांत फार फरक नसतो. मुलांचे प्रश्न जरा बरे असतात, एवढंच. ते सगळे इथं एकत्र केले आहेत. ध्रुवीय अस्वलाबद्दल मात्र इथं काही मिळणार नाही. तो मुख्यतः समुद्रावरच्या बर्फाचा प्राणी, आणि आपला विषय जमीन आहे.

टुंड्रा आणि तैगा यांत नेमका फरक काय?

झाडांचा. तैगात ती आहेत, टुंड्रात नाहीत. 'टुंड्रा' हा शब्द सामी, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हिया आणि लगतच्या रशियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून रशियनमार्गे आला. त्याचा मूळ अर्थच उघडा, बिनझाडांचा माळ असा आहे. तैगा म्हणजे त्याच्या दक्षिणेला अलास्कापासून कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियापर्यंत पसरलेला सूचिपर्णी जंगलाचा पट्टा. जगातल्या एकूण जंगलापैकी पाव भागाहून जास्त जंगल या पट्ट्यात आहे.

दोघांमधल्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. जिथं जुलैचं, म्हणजे सर्वांत उबदार महिन्याचं, सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहतं, तिथं साधारणपणे झाड उभं राहत नाही. हिवाळा किती कडक आहे याला फारसं महत्त्व नाही. उणे ६० अंश सोसणारी झाडं सायबेरियात आहेत. प्रश्न उन्हाळ्याचा असतो. लाकूड तयार करण्याइतकी ऊब झाडाला मिळते का, हे तिथं ठरतं.

नकाशावर ही रेषा ठळक असते, जमिनीवर मात्र अशी काही रेषा नसते. झाडं आधी विरळ होतात, मग बुटकी, मग वाऱ्याकडच्या फांद्या झडून एकाच बाजूला झेंड्यासारखी फडकणारी. शेवटी ती फक्त नदीकाठच्या खोलगट जागांत उरतात. शिवाय ही सीमा सगळीकडे एकाच अक्षांशावर नाही. सायबेरियाच्या तैमीर द्वीपकल्पावर आरी-मास नावाचं लार्चचं जंगल ७२ अंश उत्तरेवर तग धरून आहे. इकडे कॅनडात हडसनच्या थंडगार उपसागराकाठी चर्चिल गावापाशी, ५८-५९ अंशांवरच, झाडं संपतात. स्टॉकहोम शहर जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे.

हा सगळा प्रदेश एकसारखाच नाही का? बर्फ आणि ख्रिसमस ट्री?

विमानातून तसं वाटतं खरं. पण परिस्थितिकी अभ्यासकांनी जगाच्या जमिनीची विभागणी आधी १४ जीवसंहतींत, म्हणजे बायोममध्ये, आणि मग एकसारखं हवामान, माती आणि सजीव असलेल्या लहान प्रदेशांत केली आहे. त्यांना इकोरीजन म्हणतात. २०१७ च्या सुधारित नकाशात असे ८४६ इकोरीजन आहेत. टुंड्रा आणि तैगा या १४ पैकी दोन जीवसंहती, आणि दोघींच्या पोटात असे बरेच प्रदेश.

तैगाचंच घ्या. फिनलंड-स्वीडनमध्ये स्प्रूस आणि पाइन, मधूनमधून बर्च. उरल ओलांडून पश्चिम सायबेरियात उतरलं की जंगलापेक्षा दलदल जास्त. जगातला सर्वांत मोठा पीटचा प्रदेश हाच. पीट म्हणजे पाण्यात न कुजता हजारो वर्षं साचत गेलेलं शेवाळ आणि पालापाचोळा. येनिसेई नदी ओलांडली की चित्र पुन्हा बदलतं आणि लार्चचं राज्य सुरू होतं. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळी पानं गाळतो. वसंतात ऊन तापायला लागतं तेव्हा मुळं अजून गोठलेल्या जमिनीत असतात आणि पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी अंगावर पानं असली तर झाड वाळेल. त्यापेक्षा निष्पर्ण राहणं शहाणपणाचं. आपल्याकडचा पळस आणि साग उन्हाळ्याआधी हाच हिशेब करतात. फरक इतकाच, की आपल्याकडे पाणी नसतं आणि तिथं ते असून गोठलेलं असतं.

टुंड्राचे वनस्पतींवरून पाच उपपट्टे पाडले आहेत. अगदी उत्तरेच्या पट्ट्यात उघडी खडी आणि मधे मधे शेवाळाचे ठिपके, तर अगदी दक्षिणेच्या पट्ट्यात कमरेपर्यंत येणारी विलो आणि बुटक्या बर्चची झुडपं. 'टुंड्रा' म्हणून एकच फोटो दाखवणं म्हणजे 'महाराष्ट्र' म्हणून एकट्या माथेरानचा फोटो दाखवण्यासारखं आहे.

तिथं पाऊस किती पडतो?

वाळवंटाइतका. टुंड्राच्या बऱ्याच भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५० मिलिमीटरसुद्धा भरत नाही. माण-खटावातही त्याहून बराच जास्त पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात तिथं पाय टाकाल तिथं चिखल असतो, कारण खाली गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही आणि वर थंडीमुळे ते फारसं उडून जात नाही.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फाचा थर का?

नाही. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्यात माती असेल, खडक असेल, वाळू असेल, बर्फाच्या भिंतीही असतील.

उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो. कुठं तो वीतभर असतो, कुठं माणूसभर खोल. सगळी झाडंझुडपं आपला संसार तेवढ्यातच मांडतात. त्याच्या खाली किती खोलपर्यंत जमीन गोठलेली आहे, हे बराच काळ कुणाला ठाऊक नव्हतं. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये एका व्यापारी कंपनीच्या शेरगिन नावाच्या अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये विहीर खणायला घेतली. पाणी लागेना. १८३७ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, तो खणतच राहिला. ११६ मीटर खोल गेला, तरी जमीन गोठलेलीच होती. पाणी मिळालं नाही, पण विज्ञानाला पहिल्यांदा इतक्या खोलवर उतरून थर्मामीटर लावायला जागा मिळाली. ते विवर आजही आहे. सायबेरियात काही ठिकाणी हा थर दीड किलोमीटरपर्यंत खोल आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या जमिनीत हजारो वर्षांची मुळं, पानं, शेवाळ आणि प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. आज हवेत जेवढा आहे, त्याच्या जवळपास दुप्पट. आपल्याकडच्या जंगलाची श्रीमंती डोळ्यांना दिसते: वडाचा विस्तार, सागाचा घेर. तिथली श्रीमंती पायाखाली असते. मनगटाएवढ्या खोडाच्या, शंभरी उलटलेल्या काळ्या स्प्रूसकडे बघून 'हे काय जंगल!' म्हणणाऱ्यानं खाली बघितलेलं नसतं. तिथल्या संवर्धनाचं अर्धं काम म्हणजे जमीन न उकरणं.

उकरली तर काय होतं, याचा नमुना याकुतियातच बातागाय गावाजवळ बघायला मिळतो. १९६० च्या दशकात तिथला जंगलाचा एक तुकडा तोडला. सावली गेली, जमीन तापली, आतला बर्फ वितळला आणि माती खचायला लागली. ते खचणं अजून थांबलेलं नाही. आज तिथं सुमारे एक किलोमीटरचं विवर आहे आणि दर उन्हाळ्यात त्याची कड मागे मागे सरकते.

रेनडिअर हिवाळ्यात खातात तरी काय?

दगडफूल! हे सांगितलं की सभागृहातल्या बायका आधी हसतात आणि मग विचारतात, "आपलं गोड्या मसाल्यातलं?" अगदी तेच नव्हे, पण त्याच्याच गोतावळ्यातलं. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात तो हा सजीव.

फिनलंडच्या उत्तरेला इनारीजवळच्या पाइनच्या जंगलात मी पहिल्यांदा त्याच्यावर पाय दिला तो सप्टेंबरचा एक कोरडा दिवस होता. जमिनीवर राखाडी-पांढऱ्या रंगाची, घोटा बुडेल इतकी जाड गादी पसरलेली. जवळून बघितलं तर एकेक झुपका म्हणजे बारीक फांद्यांचं इवलंसं झाड. पाय टाकला आणि पापड मोडल्यासारखा आवाज झाला. मागे वळून बघितलं तर माझ्या प्रत्येक पावलाचा चुरा झालेला. सोबतचा रेनडिअरवाला काही बोलला नाही, फक्त त्यानं हातानं पायवाट दाखवली. नंतर कळलं, हे दगडफूल वर्षाला जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर वाढतं. मी मोडलं ते भरून यायला एक पिढी जाणार होती. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि तीच गादी स्पंजसारखी मऊ झाली. ओली असताना ती पायाखाली दबते, मोडत नाही.

दगडफुलाला मुळं नसतात. जे काही मिळतं ते हवेतून आणि पावसातून. म्हणून हवेत काही मिसळलं की ते थेट त्याच्यात उतरतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला, तिथलं किरणोत्सारी सिझियम पावसाबरोबर स्वीडन आणि नॉर्वेत पडलं, दगडफुलात साठलं, तिथून रेनडिअरच्या मांसात गेलं. हजारो जनावरांचं मांस फेकून द्यावं लागलं. दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या अणुभट्टीशी काडीचा संबंध नसलेल्या सामी कुटुंबांचा धंदा बसला.

बर्फाखालचं दगडफूल त्यांना सापडतं कसं?

वासानं. मग खुरांनी बर्फ खरवडून. कोरडा, भुसभुशीत बर्फ असला की अडचण नसते. सामी भाषेत बर्फाखालून चरता येण्याच्या या सोयीला 'गुओह्तुन' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि हिवाळा चांगला की वाईट हे त्यावरच ठरतं. गोची होते ती ऐन हिवाळ्यात पाऊस पडला तर. पाणी बर्फात झिरपतं, पुन्हा गोठतं, आणि चाऱ्यावर काचेसारखं झाकण बसतं. खुर चालत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावर असंच झालं आणि नेनेत्स पशुपालकांचे ६१,००० रेनडिअर उपासमारीनं मेले. आपल्याकडे अवकाळी म्हटलं की द्राक्षबागा डोळ्यांसमोर येतात, तिथं हे कळप येतात.

अशा वेळी जुन्या झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं दगडफूल कळपाला तारतं. पण ते जुन्या जंगलातच सापडतं. तोडून पुन्हा लावलेल्या रांगेतल्या स्प्रूसवर ते यायला फार वर्षं जावी लागतात. स्वीडन आणि फिनलंडमध्ये 'आमच्याकडे तोडीपेक्षा लागवड जास्त' असं अभिमानानं सांगतात, तेव्हा हा हिशेब त्यात नसतो.

रेनडिअर आणि कॅरिबू वेगळे का?

एकच जात. युरोप-आशियात रेनडिअर, उत्तर अमेरिकेत कॅरिबू. युरेशियात माणसाळवले गेले, अमेरिकेत रानटीच राहिले. यांच्या माद्यांनाही शिंगं असतात. आपल्या सांबर-चितळांत ती फक्त नराला.

कॅरिबूंची अवस्था चांगली नाही. कॅनडातला बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये सुमारे पावणेपाच लाखांचा होता. २०२१ च्या मोजणीत तो साधारण सहा हजारांवर आला होता. कळप पूर्वीही कमी-जास्त होत असत, हे जाणती मंडळी सांगतात. पण एवढी घसरण नेहमीच्या चढउतारात बसत नाही. खाणींचे रस्ते, तापलेले उन्हाळे, शिकार, लांडगे, चाऱ्यातले बदल अशी कारणांची यादी मोठी आहे, आणि कुठलं एक काढून टाकलं तर कळप सावरेल यावर तिथं कडाक्याचे वाद चालतात.

जंगलात राहणारा कॅरिबू वेगळ्या कात्रीत सापडला आहे. त्याचा बचाव म्हणजे एकांत. दाट, जुन्या, दलदलीच्या जंगलात तो विखरून राहतो. मूस नावाचं थोराड हरीण आणि इतर हरणं तिथं कमी, म्हणून लांडगेही कमी. तेलाच्या शोधासाठी जंगलातून सरळ पट्टे कापले की कोवळा पाला फुटतो, तो खायला मूस येतात, मुसाच्या मागे लांडगे, आणि लांडग्याला त्या पट्ट्यावरून धावायला आयता हायवे मिळतो. म्हणून कॅनडा सरकारच्या २०१२ च्या योजनेत निकष असा ठरला, की कळपाच्या अधिवासाचा किमान ६५ टक्के भाग अबाधित राहिला पाहिजे. निकष कागदावर छान आहे. कित्येक कळपांच्या बाबतीत तो केव्हाच मोडला गेला आहे.

तिथं डास असतात म्हणे?

असतात! आणि असे, की आपल्या पावसाळ्यातले डास सभ्य वाटावेत. साचलेलं पाणी आणि चोवीस तास उजेड, आणखी काय हवं? कॅरिबू त्यांना टाळायला वाऱ्याच्या टेकड्यांवर आणि उरलेल्या बर्फाच्या तुकड्यांवर जाऊन उभे राहतात. पण हेच किडे नसते, तर लाखो पक्षी पिल्लं वाढवायला एवढ्या लांब गेलेच नसते.

थोडं तापमान वाढलं तर तिथं बरंच होईल ना? हिरवळ येईल, शेती होईल.

थोडं वाढलेलं नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे. २० जून २०२० ला सायबेरियातल्या व्हर्खोयान्स्कमध्ये ३८ अंशांची नोंद झाली. हिवाळ्यात उणे ६७ पर्यंत गेलेलं हे गाव आहे.

हिरवळ येते आहे, हे खरं. टुंड्रात झुडपं वाढताहेत आणि उत्तरेकडे सरकताहेत. पण झुडपात बर्फ अडकून साठतो, आणि बर्फ म्हणजे गोधडी. तिच्याखाली जमिनीला हिवाळ्याची थंडी पुरेशी लागत नाही. वसंतात बर्फाबाहेर डोकावणाऱ्या काळ्या फांद्या ऊन शोषतात. दोन्ही बाजूंनी जमीन गरमच. वितळलेल्या मातीतले जिवाणू जागे होतात आणि शतकानुशतकं राखून ठेवलेला माल खायला लागतात: कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड, पाण्याखाली मिथेन. अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानं म्हटलं, की वणव्यांचा धूर धरला तर टुंड्रा आता कार्बन साठवत नाही, सोडते आहे.

शेतीचं म्हणाल, तर बर्फाच्या भिंती विरघळून खचलेल्या जमिनीवर नांगर चालवून बघावा. माणसांची घरंसुद्धा टिकत नाहीत. अलास्कातल्या न्यूटॉक गावच्या युपिक लोकांना किनारा ढासळल्यामुळे नदीपलीकडे मेर्तारविकला हलावं लागलं. २०१९ ला हलवायला सुरुवात झाली, २०२४ मध्ये जुनं गाव रिकामं झालं.

आणि वितळलेल्या जमिनीतून १९१८ च्या साथीचे विषाणू, मॅमथचे रोग वगैरे बाहेर येतील असं व्हॉट्सॲपवर फिरतं त्याबद्दल: २०१६ मध्ये यामालमध्ये अँथ्रॅक्सची साथ खरोखरच आली, दोन हजारांवर रेनडिअर आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. त्या उन्हाळ्याच्या उष्णतेनं जुने जंतू वर आले असावेत, हे बहुतेकांना पटतं. पण तिथं रेनडिअरचं लसीकरण २००७ मध्ये बंद केलं होतं, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

मग तिथं झाडं का लावत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणारा बहुधा स्वतः टेकडीवर खड्डे खणून रोपं लावणारा सज्जन असतो. त्याला नाही म्हणायला जड जातं.

पण तिथं झाडं लावणं बहुतेक ठिकाणी उलटं पडतं. बर्फानं झाकलेला उघडा माळ अंगावर पडलेलं बहुतेक ऊन परत पाठवतो. त्याच माळावर काळपट स्प्रूस उभे केले तर वर्षातले सहा-आठ महिने ऊन शोषलं जातं. शिवाय लावण्यासाठी जमीन उकरावी लागते, म्हणजे जिथं सर्वांत जास्त कार्बन आहे तिथंच कुदळ मारायची. आणि एवढं करून ते लाकूड वणव्यात जाण्याची शक्यता मोठी. आपल्याकडेही माळराना-सड्यांवर सरसकट रोपं लावायचा उत्साह असतो, तेव्हा हीच चूक छोट्या प्रमाणावर होते. कासच्या सड्याची आठवण मला तिथल्या दलदलीत झाली. अन्नद्रव्यांचा दुष्काळ, फुलायला मोजके आठवडे, आणि नायट्रोजन मिळत नाही म्हणून किडे खाणाऱ्या वनस्पती. कासला ज्याला दवबिंदू म्हणतो, त्याची चुलत भावंडं फिनलंडच्या पीटमध्ये शेवाळावर लाल थेंब घेऊन बसलेली असतात. सीतेच्या आसवांचे नातलगही तिथल्या डबक्यांत आहेत. कासवर कुणी निलगिरी लावायची म्हटली तर आपण भांडू. तेच तिथं.

वणवे तर पूर्वीपासून लागतात ना?

लागतात, आणि लागायलाच हवेत. जॅक पाइनची फळं राळेनं चिकटून बंद असतात. आगीची धग लागल्यावर ती उघडतात आणि बी राखेत पडतं. जळालेल्या रानात आधी फायरवीडची गुलाबी फुलं, मग बर्च-अ‍ॅस्पेन, मग स्प्रूस, असं चक्र शे-दीडशे वर्षांत फिरतं.

बिघडलंय ते वेळापत्रक. झाड बी धरायच्या वयाचं होण्याआधीच पुन्हा आग आली तर पुढची पिढी येणार कुठून? दुसरं म्हणजे आग आता खोल जाते. कोरडं पडलेलं पीट आतल्या आत धुमसतं, वर बर्फ पडला तरी विझत नाही, आणि वसंतात त्याच जागेवर पुन्हा धूर दिसतो. या आगींना तिकडे 'झॉम्बी' म्हणतात.

२०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे वीसेक हजार वस्तीचं अख्खं शहर रिकामं केलं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या आपल्या मंडळींना ७ जूनचं ते नारिंगी आकाश आठवत असेल. तो क्यूबेकच्या जंगलाचा धूर होता.

एवढी मोकळी, निर्मनुष्य जमीन आहे. सरळ अभयारण्य का करत नाहीत?

निर्मनुष्य कुणी सांगितलं? सामी, नेनेत्स, एवेंक, याकूत, इनुइट, डेने, क्री, ग्विचिन हे लोक शेकडो, काही तर हजारो वर्षं तिथंच आहेत. 'मोकळी' हा शब्द बाहेरून येणाऱ्याचा. खाणवालाही तोच वापरतो आणि कधीकधी संवर्धनवालाही.

कॅनडात ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पूर्व टोकाला लुत्सेल के नावाचं छोटं डेने गाव आहे. १९७० च्या सुमारास सरकारनं तिथं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरवलं, तेव्हा गावानं नकार दिला. उद्यान म्हणजे आपल्याला शिकारीला बंदी, हे त्यांनी इतरत्र बघितलं होतं. पुढं हिऱ्यांच्या खाणी जवळ आल्या, तेव्हा त्याच गावानं स्वतः पुढाकार घेतला, पण आपल्या अटींवर. २०१९ मध्ये थायडेने नेने, म्हणजे 'पूर्वजांची भूमी', हे सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र झालं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. कारभारात गावाचा बरोबरीचा वाटा, शिकार-मासेमारीचे हक्क शाबूत, आणि राखण करायला गावचेच लोक. मला विचाराल तर उत्तरेतल्या संवर्धनाची सर्वांत आशादायक घडामोड हीच आहे. ताडोबा-मेळघाटच्या पुनर्वसनाच्या फायली ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना यातला फरक सांगायला नको.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि त्यात तेलच असतं असं नाही. नॉर्वेत फोसेन इथं सामींच्या हिवाळी चराईवर पवनचक्क्या उभ्या केल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवाने अवैध ठरवले. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयाची दारं अडवली, त्यानंतर भरपाईचे करार झाले. चक्क्या अजून तिथंच आहेत.

अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्याचा किनारी पट्टा हा तिसरा नमुना. पॉर्क्युपाइन कळपातले कॅरिबू तिथं वितात. ग्विचिन लोक त्याला 'जीवन सुरू होतं ती पवित्र जागा' म्हणतात आणि स्वतःही तिथं पाऊल टाकत नाहीत. तेलासाठी हा पट्टा उघडायचा की नाही, यावर १९८० पासून वॉशिंग्टनमध्ये रस्सीखेच चालू आहे. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत फक्त चाचपणी करायला तिथं गाड्या फिरल्या होत्या. त्यांच्या काही खुणा पंचवीस वर्षांनंतरही जमिनीवर दिसत होत्या.

सध्या संरक्षित क्षेत्रं किती आहेत?

आकड्यांना भुलू नका. जगातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान ईशान्य ग्रीनलंडमध्ये आहे, ९,७२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या तिप्पट. पण त्याचा बहुतांश भाग हिमस्तराखाली. ज्यावर कुणाचा डोळा नाही ते राखायला सोपं असतं.

त्यापेक्षा कॅनडातलं वुड बफेलो बघावं. १९२२ मध्ये रानगव्यांसाठी, म्हणजे बायसनसाठी, राखलेलं, सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर. हूपिंग क्रेन नावाचे पांढरे क्रौंच १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात वीस-बावीसच उरले होते आणि ते अंडी कुठं घालतात हे कुणालाच माहीत नव्हतं. १९५४ मध्ये वणव्याच्या कामावरून हेलिकॉप्टरनं परतणाऱ्यांना याच उद्यानाच्या दलदलीत ते पिल्लासह दिसले. जागा आधीच राखीव होती, हे नशीब! आज तो थवा पाचशेच्या पुढे आहे. याच उद्यानातला नद्यांचा त्रिभुज प्रदेश मात्र वरच्या अंगाचं, हद्दीबाहेरचं धरण आणि तेलवाळूच्या खाणी यांच्या कचाट्यात आहे. पाणी कुठल्या हद्दीत अडवलंय, हे हद्दीच्या पाटीला विचारून चालत नाही.

नॉर्दर्न लाइट्स बघायला चाललोय. काय पाळावं?

पायवाट सोडू नका, विशेषतः कोरड्या दिवशी. दलदलीवर फळ्या टाकलेल्या असतात त्यावरूनच चाला. फिनलंडमध्ये रानातली बेरी आणि अळिंबी कुणीही तोडू शकतं. दगडफूल आणि शेवाळ मात्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय नाही, म्हणून मसाल्याच्या डब्यासाठी पिशवी भरू नका. रस्त्यात रेनडिअर आला तर गाडी थांबवा, हॉर्न मारू नका. एक आला की मागे आणखी असतात. आणि प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचा असतो, कानावर खूण असते. त्यामुळे कळप बघून "तुमच्याकडे किती?" असं मालकाला विचारू नका. बँकेत किती शिल्लक आहे, असं विचारल्यासारखं होतं.

आपला या सगळ्याशी काय संबंध?

सरकारी उत्तर: उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांबद्दलच्या १९२० च्या करारात भारत सामील आहे, २००८ पासून तिथं न्यू-ओलेसुंदला आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत आपण निरीक्षक आहोत. हा कारभार बघणारं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे.

माझं उत्तर वेगळं आहे, आणि त्यासाठी दुर्बीण लागते. ऑगस्ट संपता संपता ठाणे खाडी, उरण किंवा अलिबागजवळच्या आक्षीला ओहोटीच्या वेळी जा. चिखलात घाईघाईनं चोच खुपसणारे बारके पक्षी दिसतील. बेसनाच्या लाडवापेक्षा हलका लिटल स्टिंट, आणि खाली वाकलेल्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर. हा दुसरा सायबेरियाच्या टुंड्रात घरटं करतो, आपल्यापासून सुमारे सहा हजार किलोमीटरवर. त्याचं नशीब लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याशी बांधलेलं आहे. लेमिंग दर तीन-चार वर्षांनी उदंड होतात. त्या वर्षी कोल्हे आणि स्कुआ पक्षी त्यांच्यावरच ताव मारतात आणि सँडपायपरची पिल्लं वाचतात. पुढच्या वर्षी लेमिंग कमी आणि कोल्हे जास्त, मग पिल्लांची खैर नसते. बर्फाची गोधडी बिघडली की बर्फाखाली वीण घालणाऱ्या लेमिंगचं हे चक्रच विस्कटतं. २०२४ मध्ये हा पक्षी जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात गेला.

आई-बाप आधी येतात. पिल्लं मागून, कुणी वाट न दाखवता, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात. मोठ्यांच्या अंगावर तोवर विणीच्या विटकरी रंगाचे तुकडे उरलेले असतात. पिल्लांच्या पाठीवर खवल्यांसारखी रेखीव नक्षी आणि छातीवर फिकट पीच रंगाची झाक असते. थव्यात अशी किती आहेत ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. तीन-चार वर्षं लिहिलंत की तैमीरला लेमिंगचं कुठलं साल बरं गेलं ते तुमच्याच वहीत सापडेल.